हिंद महासागर त्सुनामी इशारा व आपत्तीशमन यंत्रणा

हिंद महासागर त्सुनामी इशारा व आपत्तीशमन यंत्रणा : हिंद महासागराभोवतालच्या देशांनी यूनेस्कोच्या आंतरशासकीय महासागरविज्ञान आयोगामार्फत २००५ मध्ये उभारलेली संयुक्त व्यवस्था. भूकंप व सागरपातळीच्या नोंदींची देवाणघेवाण, त्सुनामीचा इशारा देणे आणि किनाऱ्यावरील लोकांना त्यासाठी तयार करणे, ही तिची मुख्य कामे होत.

२६ डिसेंबर २००४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राच्या वायव्येस सुमारे ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यातून उठलेल्या लाटांनी चौदा देशांत सुमारे २,३०,००० लोकांचा बळी घेतला. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लाट आदळेपर्यंत दोन तासांहून अधिक वेळ गेला होता. एवढ्या वेळात माणसे किनाऱ्यावरून हलवता आली असती. पण सांगणार कोण आणि कोणाला, हेच ठरलेले नव्हते. प्रशांत महासागरातील देशांनी मात्र १९६० च्या चिली भूकंपानंतर, १९६५ मध्येच, अशी आंतरराष्ट्रीय व्यवस्था उभी केली होती.

सुरुवातीची काही वर्षे जपानची हवामान संस्था आणि हवाई बेटांवरील प्रशांत त्सुनामी इशारा केंद्र या भागाला सूचना देत. ऑक्टोबर २०११ पासून ही जबाबदारी भारत, इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलिया यांच्या केंद्रांनी उचलली. भारताचे केंद्र हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेत २००७ पासून कार्यरत आहे. भूकंपाची जागा, खोली व तीव्रता कळताच आधी करून ठेवलेल्या गणितीय प्रतिरूपांशी ही केंद्रे ताडून पाहतात आणि कोणत्या किनाऱ्यावर लाट केव्हा व किती उंचीची येईल याचा अंदाज काढतात. मग समुद्रतळावरील दाबमापक आणि बंदरांतील भरती-ओहोटीमापक यांच्या नोंदींवरून तो पक्का करतात किंवा मागे घेतात. किनारा रिकामा करण्याचा हुकूम मात्र ज्या त्या देशानेच द्यायचा असतो.

११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राजवळ ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा यंत्रणेची खरी परीक्षा झाली. भूकवचाचे खंड प्रामुख्याने आडवे सरकल्याने मोठी लाट उठली नाही आणि इशारे वेळेवर गेले. तरी बांदा आचे शहरात लोक गाड्या काढून एकदमच बाहेर पडले आणि रस्ते तुंबले. लाट मोठी असती तर तिने त्यांना गाड्यांतच गाठले असते.

भूकंपाचे केंद्र किनाऱ्याला लागून असले, की इशाऱ्याचे गणित कोलमडते. इंडोनेशियाच्या यंत्रणेच्या उभारणीत जर्मनीच्या पॉट्सडाम येथील भूविज्ञान संशोधन केंद्राचा मोठा वाटा आहे. तरीही २८ सप्टेंबर २०१८ रोजी पालूच्या आखातात भूकंपानंतर अवघ्या काही मिनिटांत पाणी शहरात शिरले. त्याच वर्षी डिसेंबरात अनाक क्राकाताऊ ज्वालामुखीचा कडा समुद्रात कोसळून त्सुनामी आली. तिच्याआधी इशारा देण्याजोगा भूकंपच नव्हता. याउलट २००४ च्या भूकंपकेंद्राजवळच्या सिमेउलुए बेटावर, सुमारे ७८,००० वस्तीतून, केवळ सात माणसे दगावली. १९०७ च्या लाटेची आठवण तिथे ‘स्मोंग’ या नावाने गोष्टींतून व अंगाईगीतांतून टिकून होती : जमीन जोरात हादरली, समुद्र मागे हटला, की थेट डोंगराकडे पळायचे. कोणतेही केंद्र इतक्या लवकर इशारा देऊ शकले नसते.

लोकशिक्षणाचे साहित्य व प्रशिक्षण यांसाठी जाकार्ता येथे हिंद महासागर त्सुनामी माहिती केंद्र आहे. २००९ पासून ‘आयओवेव्ह’ नावाचा संयुक्त सराव ठरावीक वर्षांनी होतो. ‘त्सुनामी रेडी’ या कार्यक्रमात गावाचा धोका-नकाशा, सुटकेचे मार्ग, फलक, सराव अशा निकषांवर वस्तीची पारख होते. ओडिशातील वेंकटरायपूर आणि नोलियासाही या गावांना २०२० मध्ये यूनेस्कोची ही मान्यता मिळाली. हिंद महासागर परिसरातील हा पहिलाच मान. २०२४ पर्यंत ओडिशातील अशा गावांची संख्या दोन डझनांच्या आसपास गेली. भारताच्या किनाऱ्याची लांबी पाहता हा आकडा अगदीच लहान आहे.

भारताच्या पश्चिम किनाऱ्याचा विचार करताना मकरानचा भूकंप महत्त्वाचा ठरतो. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे आजच्या पाकिस्तानच्या किनाऱ्यालगत सुमारे ८.१ तीव्रतेचा धक्का बसला आणि काही तासांनी, सकाळी, मुंबईत सुमारे दोन मीटर उंचीची लाट आल्याची नोंद आहे. तीत काही माणसे वाहून गेली. यूनेस्कोच्या पुढाकाराने इराण, ओमान, पाकिस्तान आणि भारत येथील हयात साक्षीदारांच्या आठवणी अलीकडे नोंदवल्या गेल्या. उपकरणांच्या नोंदी तुटपुंज्या असल्याने या आठवणी संशोधकांनाही उपयोगी पडतात. मकरानचा भूकंप कल्पून आखलेले प्रसंग आता ‘आयओवेव्ह’ सरावातही असतात.