समुद्र बंद होण्याची तारीख

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण मे अर्धा संपलाय आणि आपल्या डिलाईल रोडवरच्या पोरांचे बेत पुन्हा कानावर यायला लागलेत, म्हणून आत्ताच लिहितो.

गेल्या वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात चार-पाच पोरं घरी आली होती. सगळी नोकरीवाली, हातात महागड्या रॉड आणि रीळ. "काका, चला की! बोट ठरवलीय. एक जूनला बंदी लागते, त्याआधी एक शेवटची फेरी." मी नको म्हटलं. त्यांनी मोबाइल पुढे केला. "हे बघा, वारा एकदम कमी दाखवतोय."

पोरं गेली. सकाळी समुद्र ताटासारखा होता. दुपारी इंजिन बंद पडलं. बोट दोन-अडीच तास लाटांवर आडवी डोलत राहिली, सगळे ओकून ओकून अर्धमेले. शेवटी मोसम आटपून परत येणाऱ्या एका कोळ्याच्या बोटीने दोर टाकून ओढत आणलं. त्या नाखवाने डिझेलचे पैसे तेवढे घेतले आणि एकच विचारलं, "कशाला गेलेलात?" एकालाही उत्तर सुचलं नाही.

तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यात आहे. उन्हाळ्याच्या शेवटी समुद्र बंद होतो, हे आपल्याकडे कोण ठरवत आलं?

आमचे बाबा गिरणीत होते. मूळ मालवणकडचे. रविवारी सुट्टी असली की वरळीच्या खडकांवर गरवायला जायचे. रॉड वगैरे काही नाही. लाकडी तुकड्याला गुंडाळलेली तंगूस, टोकाला गरी आणि शिसं, डब्यात कोळंबीचं आमिष. शिंगाळी मिळायची, तांबोशी मिळायची, नशीब असेल तर एखादा गोबरा. निघायच्या आधी ते भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायचे. मला सांगायचे, "तिथीची पाऊणपट कर, भरतीचो टायम गावतलो." म्हणजे अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, भरती सहाच्या सुमाराला. पौर्णिमा-अमावस्येला ती दुपारी बाराच्या आसपास, आणि पाणीही मोठं, उधाणाचं. अष्टमीच्या आगेमागे भांग, पाणी बेताचं. हे गणित मुंबईत आजही चालतं, करून बघा.

पण हेच बाबा मेच्या मध्यावर तंगूस गुंडाळून माळ्यावर टाकायचे. वारा नसला तरी. कारण विचारलं तर म्हणायचे, "दर्याक आपली गरज नाय, आपणाक त्याची आसा."

त्यामागचं शास्त्र मला फार उशिरा कळलं. एप्रिल-मेमध्ये आपल्या किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, समुद्र शांत दिसतो. ऊन चढलं की वारा फिरतो आणि समुद्रावरून खारा वारा सुटतो, दुपारी लाट उठते. हा रोजचा खेळ झाला. त्याशिवाय मे महिन्यात दूर दक्षिणेकडच्या महासागरातल्या वादळांच्या लांब लाटा हजारो किलोमीटर चालत आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊ शकतात. इथे पान हलत नसतं आणि खडकावर अचानक पाणी चढतं. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था अशा लाटांचे इशारे देते. पोरांनी वारा बघितला, लाटेचा इशारा बघितलाच नाही.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे वादळं. ३ जून २०२० ला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आलं. १७ मे २०२१ ला 'तौक्ते' मुंबईजवळून गेलं आणि तेलक्षेत्रात पी-३०५ हा तराफा बुडून सत्तरहून जास्त कामगार गेले. तारीख परत वाचा. १७ मे. सरकारी बंदीला तेव्हा दोन आठवडे बाकी होते.

आता थोडं मागे जाऊ.

दर्यावर्दी लोकांनी हा समुद्र पावसाळ्यात कायम बंदच ठेवला. मराठ्यांचं आरमारसुद्धा पावसाळ्यात बंदरात छावणी करायचं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात ही छावणी कशी करावी याच्या सूचना आहेत. पोर्तुगीज आणि इंग्रजांना घाम फोडणारे कान्होजी आंग्रेही या चार महिन्यांशी भांडले नाहीत. कोळ्यांचा हिशोब तोच, नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी पाण्यात नाही.

इंग्रज आल्यावर दोन गोष्टी झाल्या. साहेबाने गळ टाकणं हा खेळ केला. हेन्री थॉमस नावाच्या अधिकाऱ्याने 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिलं, ते १८७३ ला मंगळूरला छापलं गेलं. पण साहेबाचा गळ जास्त करून नदी-तळ्यातला. मुंबईतही हौशी लोकांची जागा म्हणजे पवई तलाव. समुद्र राहिला कोळ्यांकडे आणि खडकावर बसणाऱ्या आमच्या बाबांसारख्यांकडे.

दुसरी गोष्ट म्हणजे सरकारने खोल समुद्रात हात घालून बघितला. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारने 'विल्यम कॅरिक' नावाचा वाफेवरचा ट्रॉलर आणून मासेमारीचा प्रयोग केला. म्हणजे आपल्या बीडीडी चाळी उभ्या राहत होत्या त्याच काळात. धंदा म्हणून तो प्रयोग चालला नाही. पुढे १९४६ ला मुंबईतच खोल समुद्रातल्या मासेमारीचं सरकारी केंद्र निघालं, तेच आजचं फिशरी सर्व्हे ऑफ इंडिया.

मुंबईत 'खोल समुद्र' हा शब्दच जरा फसवा आहे. आपल्यासमोरचा समुद्राचा तळ फार हळूहळू उतरतो. बॉम्बे हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर, आणि तिथेही पाणी साधारण ७५ मीटरच. आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक, तो पाण्याखालचा प्रवाळाचा पठार, विजयदुर्गपासून १०० किलोमीटरहून जास्त आत. अंदमानात बेटापासून थोडं पुढे गेलं की खोल पाणी लागतं, तसं इथे नाही. व्हिडिओ बघून इथे मोठा मासा शोधायला निघालेली बोट आत, आणखी आत जात राहते. आत जाणं म्हणजे परतीची वाट लांबवणं. आणि परतीची वेळ नेमकी दुपारच्या वाऱ्याची.

समुद्र बंद असताना निघालं की काय होतं, हे आपल्या गिरणगावाला वेगळं सांगायला नको. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. अमावस्येचं तोंड, ऐन आषाढ. काही वेळातच ती बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आमच्या चाळीत जुनी माणसं पावसात बोटीचं नाव काढलं तरी गप्प व्हायची. कोकणच्या बोटीही पावसाळ्यात बंद असायच्या. मे महिन्यात गावी गेलेला चाकरमानी बोट बंद व्हायच्या आत परत यायची घाई करायचा, नाहीतर घाटातून एसटीचे हाल.

मग कायदा आला. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. पावसाळी बंदी पूर्वी १० जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत किंवा नारळी पौर्णिमेपर्यंत असायची. २०१५ पासून केंद्राने सगळ्या पश्चिम किनाऱ्याला एकच तारीख दिली, १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. कारणं दोन. समुद्र धोक्याचा, आणि बऱ्याच माशांचा हा विणीचा काळ. १ ऑगस्टला समुद्र निवळलेला नसतो, म्हणून बंदी १५ ऑगस्टपर्यंत ठेवा, असं मच्छीमार संघटनाच सांगत आल्यात. ज्यांचं पोट त्यावर आहे तेच जास्त दिवस थांबायला तयार आहेत, हे लक्षात घ्या.

माझं म्हणणं एवढंच आहे. कायद्याची तारीख ही शेवटची हद्द आहे, मुहूर्त नव्हे. कोळी मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत जातो तेव्हा त्याच्या डोक्यावर कर्ज असतं, पुढे दोन महिने कमाई बंद असते. पोटासाठी जाणाऱ्याचा नाइलाज असतो. हौसेसाठी जाणाऱ्याचा कसला नाइलाज?

आणि हौस म्हणजे बेबंदपणा असं तर जगात कुठेच नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटलिना बेटावर १८९८ ला चार्ल्स होल्डरने ट्यूना क्लब काढला. समुद्रातल्या खेळाच्या मासेमारीची घडी तिथे बसली. त्यांनी पहिल्यांदा काय केलं? स्वतःवर बंधनं घातली. दोरी किती जाड चालेल, मासा कसा पकडलेला धरला जाईल, सगळं ठरवलं. सरकारने सांगितलं म्हणून नाही. नियम नसेल तर तो खेळ राहत नाही, नुसती लूट होते, हे त्यांना कळलं होतं.

आपणही आपल्यापुरता नियम करू शकतो. १५ मेनंतर बोटीने आत जायचं नाही, ते थेट नारळी पौर्णिमेपर्यंत. जून-जुलैत उधाणाच्या दिवशी वरळीच्या खडकावर आणि टेट्रापॉडवर पाय ठेवायचा नाही. एरवी बोटीत चढायच्या आधी लाइफ जॅकेट मोजायचे, माणसांपेक्षा कमी असतील तर उतरायचं. लहान मासा लागला तर गरी सोडवून परत पाण्यात. राज्याने २०२३ ला पापलेटला राज्यमासा केलं आणि ५४ जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिला, तो आपल्या गळालाही लागू आहे असं समजायचं.

सरकारनेही हौशी बोटींची वेगळी नोंद ठेवावी, त्यांना बंदीच्या पंधरा दिवस आधी थांबवावं. ही मागणी लेखी करायचा माझा विचार आहे. सही कोण कोण करणार, ते खाली लिहा.

चाळ गेली, टॉवर येतायत. बाबांची तंगूस अजून माझ्याकडे आहे. परवा माळा आवरताना सापडली, गरीला गंज चढलाय. गेल्या वर्षीच्या त्या पोरांपैकी एक जण म्हणाला, "काका, गरवायला शिकवा ना." म्हटलं, शिकवतो. पण आधी तिथीची पाऊणपट शिक. आणि नारळी पौर्णिमेनंतर ये.