दोन डोळ्यांची दुर्बीण
(नभोवाणीवरील भाषण)



निवृत्तीनंतर मला पक्षी पाहण्याचा छंद जडला आणि मीं एका दुकानांतून बारापट मोठें दाखविणारी दुनळी दुर्बीण आणली. पहिल्याच सकाळीं तलावाकांठीं ती नातवाच्या हातीं दिली. तो म्हणाला, "आजोबा, खंड्या एक आहे कीं दोन?" मुलाचें कांहींच चुकलें नव्हतें, नळ्याच समांतर नव्हत्या. मास्तरकीची खोड जागी झाली आणि मी या यंत्राच्या इतिहासांत शिरलों.

इ. स. १६०८ च्या ऑक्टोबरांत हॉलंडांतील मिडलबर्ग येथील चष्मे करणारा हॅन्स लिपर्शे यानें आपल्या नळीच्या हक्कासाठीं हेगच्या राज्यसभेकडे अर्ज केला. सभासदांनीं नळी पाहिली आणि सांगितलें, दोन्ही डोळ्यांनीं पाहतां येईल असें यंत्र करून आण. डिसेंबरांत त्यानें तें सादरही केलें. पैसे मिळाले, परंतु ही युक्ति इतरांसही ठाऊक आहे, या कारणानें हक्क नाकारण्यांत आला.

मग पुढें अडलें कोठें? गॅलिलिओनें १६१० सालीं गुरूचे चार चंद्र पाहिले ते एकाच नळीनें. तिच्यांत चित्र सुलट, पण दिसणारा टापू चिंचोळा. केप्लरनें १६११ सालीं दोन्ही भिंगें बहिर्गोल घेण्याची रचना मांडली. टापू रुंदावला, पण चित्र उलटें झालें. तें सुलटविण्यास आणखी भिंगें घालावीं तर नळी लांबते, आणि लांब नळ्यांची जोडी समांतर राखणें महाकठीण. इटलीच्या इग्नात्सिओ पोरो यानें १८५४ सालीं लोलकांत प्रकाश चार वेळां परावर्तित करून चित्र सुलट केलें आणि नळीही आखूड केली. एर्न्स्ट आबे यांच्या मार्गदर्शनाखालीं येना येथील झाइस कारखान्यानें १८९४ सालीं अशी दुनळी विक्रीस काढली. मागणीपासून समाधानापर्यंत २८६ वर्षें गेलीं!

हा इतिहासच गिऱ्हाइकाचा गुरु होय. दुर्बिणीवरील '८×३०' यांत पहिला आंकडा पटीचा, दुसरा पुढील भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरांत. दुसऱ्यास पहिल्यानें भागावें. डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. येथें ती पावणेचार मिलिमीटर, दिवसां पुरेशी. अंधारांत तरुण डोळ्याची बाहुली सुमारें सात मिलिमीटर उघडते, त्यासाठीं ७×५०. आमच्या वयांत ती तितकी उघडत नाहीं. मग तें ओझें कशास? शिवाय पटीबरोबर हाताचा कंपही वाढतो. हातीं धरून पाहण्यास सात-आठ पट उत्तम. एकनळी हलकी व स्वस्त. ज्यांचा एकच डोळा सशक्त, त्यांस तीच योग्य. तासभर पाहावयाचें असल्यास मात्र दुनळीनें शीण कमी होतो.

दुनळी घेतांना दूरच्या कळसाकडे पाहा व ती हळूहळू डोळ्यांपासून दूर न्या. कळस दुभंगला, तर किंमत न विचारतां ती खालीं ठेवा.

माझी दुर्बीण दुकानदारानें परत घेतली नाहीं. आतां आम्ही तिच्या एका नळीवर टोपण घालतों. नातवाला खंड्या एकच दिसतो. पैसे मात्र दोन नळ्यांचे गेले.