चाक कुठे बसवायचं?

१९३०च्या दशकात विमान चालवायला शिकणाऱ्यांना मोठा धाक असायचा तो ‘ग्राउंड लूप’चा. विमान सुखरूप टेकायचं, वेग उतरायला लागायचा, ‘जमलं’ असं वाटायचं आणि तेवढ्यात शेपूट एका बाजूला सरकायचं. मग विमान जागच्या जागी गर्रकन फिरायचं, पंखाचं टोक जमिनीला घासायचं. ठपका ठरलेला: शिकाऊ पायलटने रडर दाबायला उशीर केला.

पण दोष फक्त त्याचाच होता का?

त्या काळच्या बहुतेक छोट्या विमानांना पुढे दोन मोठी चाकं आणि शेपटीखाली एक छोटं चाक किंवा घसरपट्टी असे. म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे. दोन चाकांची सूटकेस ओढली तर सरळ मागे येते, ढकलली तर वाकडी पळते, तसंच हे. विमान किंचित तिरकं झालं की मागचं वजन ते आणखी तिरकं करणार. ही रचना चालली, कारण ती हलकी होती, खडबडीत मैदानात टिकायची आणि पंखा जमिनीपासून उंच राहायचा.

फ्रेड वाइक हा नासाच्या पूर्वसुरी संस्थेतला, म्हणजे एनएसीएमधला इंजिनिअर. त्याने सहकाऱ्यांसोबत फावल्या वेळात डब्ल्यू-१ हे विमान बनवलं. १९३४ सालच्या या विमानात तिसरं चाक नाकाखाली होतं. गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे आला, आणि तिरकं टेकलेलं विमान आपोआप सरळ व्हायला लागलं. नाकाखालचं चाक नवीन नव्हतं; १९०८च्या सुमारास ग्लेन कर्टिसच्या विमानांनाही ते होतं. वाइकने ते नवशिक्यांसाठी परत आणलं. पुढे त्याच्या ‘अर्कूप’मध्ये आणि १९५६ला बाजारात आलेल्या सेस्ना १७२मध्ये हीच रचना दिसते. आपल्याकडे मात्र १९५८ साली उडालेलं एचएएलचं ‘पुष्पक’ अजून शेपटीवरच्या चाकाचं होतं.

यामुळे लँडिंगचे अपघात संपले नाहीत. विमान उसळलं की घाबरून नाक खाली दाबायचं आणि पुढचं चाक मोडायचं, ही नाकचाकी विमानातली नेहमीची चूक. त्यावर उपाय शिकवण्याचाच आहे: उसळी मोठी असेल तर पूर्ण ताकद देऊन पुन्हा वर जायचं, म्हणजेच गो-अराउंड.

तरी एक गोष्ट कायमची बदलली. शेकडो जण एकाच जागी चुकत असतील, तर माणसाला शेरा देण्याआधी यंत्राकडे बघायचं. ‘युजर एरर’ लिहून तिकीट बंद करणाऱ्या आमच्या धंद्याला हे अजून पुरतं उमगलेलं नाही.