एल निनोचं आजोळ

एप्रिल-मेमध्ये कृषी सेवा केंद्राच्या फळीवर बियाण्यांच्या पिशव्यांआधी एक शब्द येऊन बसतो. मागे एका तालुक्याच्या गावी कुणाची तरी वाट बघत असाच दुकानात उभा होतो. पलीकडे एक म्हातारे शेतकरी दुकानदाराला म्हणाले, "औंदा एल निनो लागलाय म्हणं." मला त्यातलं क्रियापद आवडलं. मराठीत मृग लागतो, आर्द्रा लागतात. पंचांगात नसलेला हा परदेशी शब्द नक्षत्रांच्या पंगतीत बसला, तेही त्यांचंच क्रियापद घेऊन.

शब्दाचं जन्मगाव पाइता. हे पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरचं बंदर. तिथला समुद्र एरवी थंड असतो. खालचं गार पाणी वर येतं, त्याबरोबर मासळीचं खाद्य येतं. पण नाताळच्या सुमारास उत्तरेकडून कोमट पाण्याचा एक प्रवाह किनाऱ्यालगत खाली सरकायचा. पाइताच्या नावाड्यांनी त्याला बाळ येशूचं नाव दिलं: एल निन्यो, म्हणजे 'तो बाळ'. आपण त्यातला 'न्य' सोडून दिला. 1892 मध्ये कामिलो कारिलो या नौदलातल्या अधिकाऱ्याने लिमाच्या भूगोल संस्थेपुढे हे नाव मांडलं आणि नावाड्यांच्या तोंडचा शब्द कागदावर आला. त्या नावात तेव्हा धास्ती नव्हती. प्रवाह जोराचा असला की किनाऱ्यावरच्या वाळवंटात पाऊस पडे, वाळूत गवत उगवे, गुरं चरत. पूर येत, मासे दूर जात, हेही खरं. पण कोरड्या मुलखात त्या सालांना सुबत्तेची सालं म्हणत.

झालं ते नाव. त्याचं आजोळ मात्र आपल्याकडे आहे. पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' नावाचा बसथांबा आहे. रोज हजारो लोक तिथे चढतात-उतरतात. पुण्यात सिमला कुठून आलं, हे फारसं कुणी विचारत नाही. थांब्याला नाव मिळालं ते हवामान खात्याच्या कचेरीमुळे. हे खातं 1928 मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं आणि येताना सिमल्याचं नावही घेऊन आलं. एल निनोचा मागचा धागा त्याच दप्तरात आहे.

खातं सुरू झालं 1875 मध्ये आणि पुढच्याच वर्षी दख्खनवर दुष्काळ कोसळला. 1876 ते 78 या काळात मुंबई, मद्रास इलाख्यांत आणि म्हैसूर संस्थानात लाखो माणसं अन्नावाचून मेली. पाऊस आधी सांगता आला असता तर, हा प्रश्न खात्याच्या पाचवीलाच पुजला गेला. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड हिमालयातल्या बर्फाकडे बघून अंदाज बांधू लागले. पण 1899 मध्ये खात्याचा अंदाज गेला चांगल्या पावसाचा, आणि आला तो संवत 1956 चा, गुजरात-राजस्थानात अजून 'छप्पनिया' म्हणून आठवला जाणारा दुष्काळ.

1904 मध्ये प्रमुखपदी आले गिल्बर्ट वॉकर. हे केंब्रिजचे गणिती. हवामानशास्त्र शिकलेले नव्हते, बूमरँगच्या उडण्याचं गणित मांडणारे होते. पाऊस का पडतो हे त्यांनी आधी विचारलंच नाही. जगभरच्या वेधशाळांचे आकडे मागवले आणि हिंदी कारकुनांना हिशेबाला बसवलं: या गावचा वायुदाब, त्या नदीचा पूर, अमुक बेटावरचं तापमान, कशाचा कशाशी मेळ बसतो? त्या रकान्यांतून एक झोपाळा दिसला. प्रशांत महासागरावर हवेचा दाब चढला की हिंदी महासागरावर उतरतो. इकडे चढला की तिकडे उतरतो. 1924 मध्ये त्यांनी त्याला नाव दिलं 'दक्षिणी दोलन'. आपल्या पावसाचा भरवशाचा अंदाज काही त्यांच्या हाती लागला नाही. शोधायला गेले आपला दुष्काळ, सापडला दुसऱ्याच महासागराचा हेलकावा.

पाइताचं नाव आणि सिमल्याचा झोपाळा चाळीसहून अधिक वर्षं एकमेकांना ओळखत नव्हते. सोयरीक जुळवली याकोब बियर्क्नेस यांनी, 1969 मध्ये. एरवी विषुववृत्तालगतचे पूर्वेचे वारे कोमट पाणी इंडोनेशियाकडे ढकलतात. तिथे हवा चढते, ढग बरसतात, आणि वरून फिरून पेरूच्या बाजूला खाली उतरते. वाऱ्याचा हा एक मोठा रहाटच. वारे मंदावले की कोमट पाणी पूर्वेला सरकतं, ढगही त्याच्यामागे जातात, आणि एरवी हवा चढायची त्या आपल्या बाजूला ती उतरू लागते. उतरती हवा ढग वाढू देत नाही. या रहाटाला बियर्क्नेस यांनी वॉकर यांचं नाव दिलं.

तीनच वर्षांनी, 1972 मध्ये, पेरूच्या जाळ्यांतून अँचोवी मासा नाहीसा झाला आणि महाराष्ट्रात माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडायला बसली. सुकडी आणि मिलो खाल्लेल्यांना ते साल आजही सांगावं लागत नाही. दोन्हीमागे हाच समुद्र होता, हे तेव्हा फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

मग गोतावळा वाढला. उलट, गार पाण्याच्या सालांना 'ला निना', म्हणजे मुलगी, हे नाव मिळालं. तापलेलं पाणी पेरूजवळ न जाता मधेच थांबलं, तर त्याला जपानी 'मोदोकी': सारखा, पण तो नव्हे. नुसतं 'एल निनो' म्हणून भागेना, कारण 1997 मध्ये शतकातला एक जबर एल निनो येऊनही देशाचा पाऊस सरासरीला पोहोचला, आणि 2002 मध्ये त्याहून मवाळ एल निनोत पाऊस 19 टक्क्यांनी घटला. 1999 मध्ये आपल्याच हिंदी महासागरातला एक हेलकावा उजेडात आला. या महासागराचा पश्चिम भाग तापला की मान्सूनला टेकू मिळतो. म्हणजे मोठे दुष्काळ बहुधा एल निनोच्या सालचे, पण प्रत्येक एल निनो दुष्काळ आणत नाही. ही नाळ काही दशकं घट्ट असते, काही दशकं सैल.

दुकानातल्या म्हाताऱ्यांनी यातलं काही विचारलं नाही. पिशव्या उलटसुलट करून पाहिल्या, कनवटीचे पैसे मोजले आणि म्हणाले, "निम्मं दे आत्ता. निम्मं पाऊस बघून नेतो."