हशाचा कान : जे सँड्रिच आणि दूरचित्रवाणीवरील विनोद

विनोदी नाटकाची चर्चा निघाली म्हणजे आपण नाटककाराचे नाव प्रथम घेतो, नटाचे त्यानंतर. तालीममास्तराचे नाव बहुधा घेतच नाही. दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांच्या बाबतीत ही उपेक्षा अधिकच झाली आहे. नटनटींचे चेहरे घरोघर ओळखीचे होतात. त्यांना रंगमंचावर उभे करणारा दिग्दर्शक आणि चित्रफितीचे तुकडे जोडून प्रयोगाला अखेरचा आकार देणारा संकलक यांची नावे मात्र श्रेयनामावलीत क्षणभर दिसतात आणि लुप्त होतात. अशाच एका अमेरिकन दिग्दर्शकाची कारकीर्द आम्ही येथे विचारासाठी घेतली आहे. त्यांचे नाव जे सँड्रिच. जन्म लॉस एंजेलिस येथे १९३२ साली, मृत्यू २०२१ साली. त्यांच्या कारकिर्दीच्या निमित्ताने आम्हांस एक प्रश्न पुढे मांडावयाचा आहे. प्रेक्षकांचा हशा ही दिग्दर्शकाने कष्टाने मिळवावयाची वस्तू आहे, की हवी तेव्हा यंत्रातून काढून चिकटवावयाची?

या प्रश्नाचे मूळ समजण्यासाठी १९५१ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वेळी अमेरिकेतील बहुतेक मोठे कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत. दूरच्या शहरांसाठी पडद्यावर उमटलेल्या चित्राचेच पुन्हा चित्रण करून ती फीत पाठवीत असत, आणि ते चित्र धूसर दिसे. ल्यूसिल बॉल व त्यांचे पती देसी आर्नाझ यांना हॉलिवूड सोडून न्यूयॉर्कला जावयाचे नव्हते. तेव्हा त्यांच्या 'आय लव्ह लूसी' या मालिकेसाठी निराळी तोड काढण्यात आली. चित्रपटगृहासाठी वापरतात तीच ३५ मिलिमीटरची फीत घ्यावयाची, पण चित्रण मात्र सुमारे तीनशे प्रेक्षकांसमोर, नाटकासारखे क्रमाने करावयाचे. आणि एकाच वेळी तीन कॅमेरे चालवावयाचे. खर्च वाढला, म्हणून या दांपत्याने आपले मानधन कमी करून घेतले आणि त्या बदल्यात चित्रफितींची मालकी स्वतःकडे ठेवली. प्रकाशयोजनेची जबाबदारी कार्ल फ्रॉइंड यांनी घेतली. जर्मनीत 'मेट्रोपोलिस'सारख्या चित्रपटाचे छायाचित्रण केलेला हा जुना, जाणता माणूस. तिन्ही कॅमेऱ्यांना एकाच वेळी पुरेल असा प्रकाश वरून सारखा पसरविण्याची युक्ती त्यांनी बसविली. १५ ऑक्टोबर १९५१ रोजी मालिकेचा पहिला भाग दाखविला गेला.

दिग्दर्शकाचे काम येथे संपले तरी संकलकाचे सुरू होत असे. ३५ मिलिमीटरची फीत मिनिटाला ९० फूट धावते. पंचवीस मिनिटांचा प्रयोग तिन्ही कॅमेऱ्यांनी सलग टिपला तर ६,७५० फूट फीत संकलकाच्या टेबलावर येऊन पडते. एका डोळ्याने पाहावयाच्या जुन्या संकलनयंत्रावर हे काम आवरणारे नव्हते. म्हणून संकलक डॅन कान यांच्यासाठी तिन्ही चित्रे शेजारी शेजारी दाखविणारे व त्यांच्याबरोबर ध्वनीही चालविणारे यंत्र आणले गेले. त्याच्या अवाढव्य रूपामुळे मंडळींनी त्याला 'तीन डोक्यांचा राक्षस' असे नाव ठेवले होते.

परंतु खरी अडचण फितीच्या लांबीची नव्हती. ती हशाची होती. आपल्या रंगभूमीवरचा कसलेला नट हशा पिकला की थांबतो. तो ओसरू लागला, पण पुरता विझला नाही, अशा नेमक्या क्षणी पुढले वाक्य उचलतो. नाट्यगृहात हे थांबणे खटकत नाही, कारण आपणही त्या हशात सामील असतो. घरी एकटा बसून पाहणाऱ्याला मात्र तोच विराम लांब वाटतो. संकलकाने हशा मध्येच तोडला तर ध्वनीला धक्का बसतो. पुरता ठेवला तर दृश्य रेंगाळते. मग तो त्या अवधीत दुसऱ्या पात्राचा चेहरा दाखवितो. ऐकणाऱ्याच्या मुद्रेवर विनोद पुन्हा एकदा फुलतो आणि हशाला जागाही मिळते. म्हणजे कोठे कापावयाचे हे संकलक डोळ्याने जितके ठरवितो, तितकेच कानानेही ठरवितो.

याच सुमारास दुसरी वाटही निघाली. सीबीएस या प्रक्षेपणसंस्थेतील ध्वनितंत्रज्ञ चार्ली डग्लस यांनी हशाचे अनेक नमुने एका पेटीत साठविले. टंकलेखनयंत्रासारख्या कळा दाबल्या की मंद खसखस, मोठा हशा, टाळ्या असे जे हवे ते त्या पेटीतून निघे. १९५३ पासून ही पेटी वापरात आली. ती कुलूपबंद असे आणि तिची आतील रचना डग्लस कोणाला दाखवीत नसत. एकही प्रेक्षक नसलेल्या स्टुडिओत चित्रित झालेल्या मालिकांना या पेटीने प्रेक्षक मिळवून दिला. युद्धभूमीवरील रुग्णालयाचे चित्र रंगविणारी 'मॅश' ही मालिका १९७२ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्या निर्मात्यांना असा हशा नकोच होता. सीबीएसने तो घालावयास लावला; निदान शस्त्रक्रियेच्या दृश्यांत तो नसावा, एवढेच निर्मात्यांना मिळविता आले.

सँड्रिच यांची जडणघडण पहिल्या वाटेवर झाली. त्यांचे वडील मार्क सँड्रिच हे हॉलिवूडमधील नामांकित दिग्दर्शक. फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स यांचा 'टॉप हॅट' (१९३५) हा गीतनृत्यपट त्यांचाच. १९४५ मध्ये वडिलांचे अकाली निधन झाले, तेव्हा जे तेरा वर्षांचे होते. पुढे १९५०च्या दशकात ते 'आय लव्ह लूसी'वर दुय्यम साहाय्यक दिग्दर्शक म्हणून लागले. हे पद हाकाटीचे. नटांना वेळेवर हजर करणे, गर्दी सांभाळणे, यादी पाळणे असल्या कामांचे. पण तीन कॅमेरे आणि तीनशे माणसे यांच्यामध्ये उभे राहून विनोद कसा उतरतो व कसा पडतो, हे पाहण्याची ती उत्तम जागा होती. त्यानंतर डॅनी टॉमस यांच्या मालिकेत साहाय्यकाचे काम, 'गेट स्मार्ट'मध्ये काही काळ निर्मितीचे काम, अशी उमेदवारी करीत ते दिग्दर्शनाकडे आले.

त्यांच्या कीर्तीचा पाया 'द मेरी टायलर मूर शो' या मालिकेने घातला. १९७० ते १९७७ या काळात तिचे १६८ भाग झाले आणि त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश सँड्रिच यांनी दिग्दर्शित केले. आपल्या मुंबई केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा या मालिकेचे तिसरे वर्ष चालू होते. तिशीतील एक अविवाहित स्त्री मिनियापोलिस शहरी येते, वृत्तविभागात नोकरी धरते आणि लग्नाची वाट न पाहता आपले आयुष्य उभारते, हा तिचा विषय. त्या काळच्या मालिकांत नायिका बहुधा कोणाची तरी पत्नी असे. त्यामुळे प्रक्षेपणसंस्थेचे अधिकारी साशंक होते.

पहिल्या भागाच्या चित्रणापूर्वी प्रेक्षकांना बोलावून एक रंगीत तालीम करण्यात आली. ती साफ पडली. संहिता चांगली होती, नट कसलेले होते. तरी जेथे हसू यावे तेथे शांतता. चर्चेअंती दोष सापडला तो ऱ्होडा या शेजारणीच्या पात्रात. ती पहिल्याच दृश्यात मेरीशी खोलीवरून भांडते. प्रेक्षकांचे मन मेरीवर जडलेले. तिला टोचून बोलणाऱ्या बाईवर ते रुष्ट झाले आणि रुष्ट माणूस हसत नाही. लेखक जेम्स ब्रुक्स व अॅलन बर्न्स यांच्यापुढे आता ऱ्होडाला सौम्य करण्याचा सोपा मार्ग होता. पण तसे केले असते तर पात्राचा जीवच गेला असता. तेव्हा चित्रणाच्या वेळी संहितेची नोंद ठेवणाऱ्या मार्ज मलेन यांनी एक सूचना केली : दुसऱ्या शेजारणीच्या लहान मुलीच्या तोंडी ऱ्होडामावशी मोठी गमतीची आहे, अशा अर्थाचे एक वाक्य घालावे. मुलीला जी आवडते ती बाई वाईट नसणार, हे प्रेक्षकांनी मनोमन मानले. ऱ्होडाचे पात्र तेच राहिले आणि प्रत्यक्ष चित्रणाच्या रात्री प्रेक्षक हसले.

ही हकीकत आम्ही विस्ताराने सांगितली, याचे कारण तीत आमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. त्या तालमीची फीत हशाच्या पेटीकडे नेली असती तर शांततेच्या जागा पाच मिनिटांत भरून निघाल्या असत्या. पण ऱ्होडाविषयीचा राग घरोघरच्या प्रेक्षकांच्या मनात तसाच राहिला असता. समोरच्या माणसांचे न हसणे ही दिग्दर्शकाला मिळालेली बातमी होती. ती ऐकून घेतली म्हणून दोष सापडला, आणि उपाय सुचविणारी व्यक्ती लेखक किंवा नट नसतानाही तिचे म्हणणे मानले गेले.

हाच कान पुढे १९८५ मध्ये 'द गोल्डन गर्ल्स'च्या वेळी कामी आला. उतारवयातील चार स्त्रियांच्या या मालिकेत बेटी व्हाइट यांना ब्लांश या रंगेल स्त्रीची आणि रू मॅक्लॅनाहन यांना रोझ या भाबड्या स्त्रीची भूमिका द्यावयाचे घाटत होते. दोघींनीही तशाच तऱ्हेच्या भूमिका पूर्वी गाजविल्या होत्या. म्हणजे निवड निर्धोक होती. पहिला भाग दिग्दर्शित करणाऱ्या सँड्रिच यांनी भूमिकांची अदलाबदल सुचविली. आज ती मालिका पाहणाऱ्याला निराळी वाटणी कल्पनेतही आणता येत नाही.

१९८४ पासून त्यांनी 'द कॉस्बी शो'चे सुमारे शंभर भाग केले. एमी या मानाच्या पुरस्कारांपैकी चार त्यांना मिळाले. दोन मेरी टायलर मूर यांच्या मालिकेसाठी, दोन या मालिकेसाठी. तिचे नायक बिल कॉस्बी यांना २०१८ मध्ये लैंगिक अत्याचाराबद्दल दोषी ठरविण्यात आले आणि २०२१ मध्ये पेन्सिल्वेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. त्या प्रकरणाची छाया आता मालिकेवर पडली आहे, हे नमूद केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही.

पुरस्कारांपेक्षा आम्हांस त्यांच्या परंपरेचे मोल अधिक वाटते. १९७४ च्या सुमारास जेम्स बरोज नावाचा नाटकवाला तरुण मेरी टायलर मूर यांच्या संस्थेत आला आणि सँड्रिच यांच्या तालमी पाहून हे शास्त्र शिकला. त्याच बरोज यांनी पुढे 'टॅक्सी', 'चिअर्स' व 'फ्रेंड्स' या मालिकांचे अनेक भाग दिग्दर्शित केले. कार्ल फ्रॉइंड यांच्या प्रकाशाखाली सुरू झालेली रीत अशी हाताहातांतून चालत आली.

येथे एक आक्षेप संभवतो. प्रेक्षकांसमोर चित्रित झालेला हशा तरी सर्वस्वी अस्सल असतो काय? नसतो. एखादा प्रवेश पुन्हा करावा लागला की दुसऱ्या वेळचा हशा फिका पडतो, आणि संकलक पहिल्या वेळचा हशा तेथे आणून जोडतो. हशा लांबला तर कापतो, तोकडा पडला तर भर घालतो. त्यामुळे या दोन वाटांमधील अंतर पुष्कळदा पुसट होते. तरीही भेद उरतोच. एके ठिकाणी झालेल्या गोष्टीची सावरासावर असते. दुसरीकडे न झालेली गोष्ट झाली म्हणून सांगितली जाते. एकविसाव्या शतकात अनेक विनोदी मालिकांनी प्रेक्षक आणि हशा दोन्ही वर्ज्य केले. त्यांचा मार्ग निराळा आहे. त्यात घरच्या प्रेक्षकाने कोठे हसावे हे कोणी सांगत नाही.

व्याख्यानाच्या मंडपात बसणाऱ्या नागरिकांना या इतिहासाचे महत्त्व वेगळे समजावून देण्याची गरज नाही. वक्त्याच्या कोटीवर सभागृह हसले नाही तर तो अपमान प्रत्येक वक्त्याने केव्हा ना केव्हा गिळलेला असतो. सँड्रिच यांच्या कारकिर्दीवरून आम्हांस दिसते ते इतकेच, की त्या शांततेत पुष्कळ काही सांगितलेले असते, आणि ती झाकून टाकण्याची सोय हाताशी असूनही ती ऐकण्याचे कष्ट जे घेतात त्यांचे काम टिकते.