बसून मोजा

रिक्षावाल्याला नुसतं ‘सिंदी’ सांगून चालत नाही. सिंदी रेल्वे वेगळी, ती नागपूरच्या वाटेवर. तुम्हाला जायचंय ते सिंदी मेघेला. हे गाव वर्धा शहराला इतकं बिलगलेलं की शहर कुठं संपलं ते रस्त्यावरून कळत नाही, पाटी वाचावी लागते. २०११च्या जनगणनेनं याला शहरांत मोजलं. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा.

मे महिना आहे. सकाळचे साडेसहा. वर्ध्यात या दिवसांत पायी हिंडायला एवढीच वेळ असते. नऊनंतर ऊन अंगावर येतं आणि पारा पंचेचाळिशीकडे निघतो. तुमच्या खिशात गवंड्याकडं असते तसली पाच मीटरची टेप आहे. आज फक्त बघायचं आणि मोजायचं.

गल्लीत शिरा. घरं दुमजली, स्लॅबची. समोरच्या भिंतीला चकचकीत टाइल्स, सज्ज्याला स्टीलचं रेलिंग. दोन पावलं पुढं जाऊन त्याच घराची बाजू बघा, प्लास्टरसुद्धा झालेलं नाही. सगळा खर्च रस्त्याला दिसेल त्या भिंतीवर. गच्चीवर कॉलमच्या सळया आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. पोराच्या लग्नापर्यंत वरचा मजला चढेल, ही त्या घराची आशा. आणि जवळपास प्रत्येक खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कुलर. नव्या ताट्या घालून झाल्यात. मार्च ते जून त्या खिडकीतून उजेड येत नाही, आवाज आणि गारवा येतो.

टेप काढा. खिडकीची खालची कड जमिनीपासून तीन फूट. आत उभ्या माणसाला कुलरवरून रस्ता दिसतो, बसलेल्याला कुलरची जाळी.

दोन स्लॅबच्या मध्ये एक कवेलूचं, म्हणजे कौलारू, घर उरलंय. मातीच्या भिंती, उतरतं छप्पर, दारापुढं सारवलेला ओटा. दार बुटकं, वाकल्याशिवाय आत जाता येणार नाही. तुम्ही टेप लावताच आतून एक म्हातारी बाहेर येते.

“का मोजून रायले जी?”

“काही नाही, मावशी. असंच.”

“मोजाचंच असन त बसून मोजा.”

तुम्ही ओट्यावर बसता. सारवण पहाटेचं, अजून ओलसर आहे. तळवा टेकता आणि गल्ली गप्प होते. कुलर थांबतात. समोरची टाइल्सची भिंत जागेवर नाही.

साल १८६६. वर्धा नावाचं शहर अजून नाही. जिल्हा नागपूरपासून वेगळा होऊन चार वर्षं झालीत, त्याचं ठाणं पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. आता ते हलवायचं ठरलंय आणि जागा निवडलीय पालकवाडी या खेड्याची. अमेरिकेतलं यादवी युद्ध नुकतंच संपलंय. त्या चार वर्षांत तिथला कापूस अडला, म्हणून इथल्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. मुंबईहून निघालेला लोहमार्ग पुढच्या वर्षी नागपूर गाठणार आहे. इंग्रज साहेबाला कापसाच्या मुलखात कचेरी हवी, बाजार हवा, रुंद रस्ते हवेत.

तुमच्या पायाशी लोखंडी साखळी खळखळत सरपटते. मोजणीदाराचा माणूस तिचं टोक ओढत चाललाय. साखळी सरळ जाते. वाटेत घर आलं, चूल आली, पारावरचं झाड आलं, तरी ती वळत नाही. पालकवाडीची वाट मात्र नांगर नेणाऱ्या बैलांनी पाडलेली; ती विहिरीपाशी वळते, सावलीत रेंगाळते. नव्या शहरासाठी पालकवाडीची घरं पाडली जातात. तुमच्या शेजारी उभा असलेला शेतकरी घर गेल्याचं बोलत नाही. तो विचारतो, “एवढा रुंद रस्ता कोणासाठी?” गावाचं माप इथं पहिल्यांदा बैलाच्या पायाऐवजी साखळीनं घेतलं गेलं, हे त्याला नेमकं उमगलंय.

त्या रुंद रस्त्यानं चालत राहा. पायाखालची धूळ तीच, साल बदलतं. जुलै १९२८. पाऊस पडून गेलाय. तुम्ही लक्ष्मीनारायण मंदिरासमोर उभे आहात. हे बजाज घराण्याचं देऊळ. जमनालाल बजाजांनी ते ज्यांना अस्पृश्य म्हटलं जातं त्यांच्यासाठी खुलं केलंय. गर्दी आहे आणि गर्दीत राग आहे.

सवयीनं तुमचा हात टेपकडे जातो. उंबरठा असून असून किती उंच असणार? वीतभर. लहान पोरही ओलांडेल. पण कालपर्यंत गावातल्या कित्येकांना तो डोंगराएवढा होता. आज एक बाई तो ओलांडते आणि आत गेल्यावर क्षणभर मागं वळून पायाखाली बघते. दगड हलवलेला नाही, दार रुंद केलेलं नाही, गवंड्यानं थापीसुद्धा उचललेली नाही. तरी कालची वास्तू आज वेगळी आहे. टेपला न सापडणारं हे माप वहीत लिहून ठेवा: दार किती फुटांचं, याआधी दार कोणाला.

बाहेर गांधीजींच्या शेगावला जाणारी बैलगाडी उभी आहे. वर्ध्याहून शेगाव आठेक किलोमीटर. वाटेत मगनवाडी लागते. जमनालालजींनी आपली बाग ग्रामोद्योग संघाला दिली, ती ही जागा. १९३८च्या ३० डिसेंबरला गांधीजी इथंच मगन संग्रहालयाचं उद्घाटन करतील. पण गाडी त्याच्या दोन वर्षं आधी चाललीय, १९३६मध्ये. चाकं चिखलात रुततात. शेगावला ‘सेवाग्राम’ हे नाव मिळायला अजून चार वर्षं आहेत.

तुम्ही पोचता तेव्हा आश्रमातलं पहिलं घर, आदी निवास, उभं झालंय. एकच मोठी खोली आणि तिच्यात सगळे: बापू, बा म्हणजे कस्तुरबा, बापूंचे चिटणीस प्यारेलाल, येणारे-जाणारे. खान अब्दुल गफार खान इथं राहून जातात, तुकडोजी महाराज राहून जातात. जवळच दुसरी कुटी आहे, ती बापूंच्या शिष्या मीराबेननं स्वतःसाठी उभारलेली. पुढं गांधीजी तिच्यात राहायला जातील आणि जग तिला बापू कुटी म्हणेल.

आत या. वाका, दार बुटकं आहे. आणि बसा, कारण उभं राहिलात तर हे घर तुम्हाला कळणार नाही.

बसल्याबरोबर सगळं आपापल्या जागी येतं. टेकायची जागा, लिहायचं बुटकं मेज, भिंतीतच घडवलेल्या मातीच्या फळ्या, सगळं हात लांबवला की मिळतं. आडोशाच्या भिंती अर्ध्याच; माणूस दिसत नाही, पण खोकला ऐकू येतो आणि वारा अडत नाही. खिडकीचा तट्टा वर उचलून काठीनं टेकवलाय. त्याखालून अंगण दिसतं, येणाऱ्याचे पाय आधी दिसतात, चेहरा मग. छपराचा उतार भिंतीच्या पुष्कळ बाहेर आलाय, म्हणून दुपारचं ऊन आणि पावसाची झड भिंतीपर्यंत पोचत नाही. आत तापलेली हवा वर चढते आणि कवेलूंच्या फटींतून निघून जाते. भिंतीवर मीराबेननं मातीनं उठावात काढलेली झाडं, चरखा, ॐ. बांबू, माती, शेण, कवेलू, सगळं आसपासच्या मुलखातलं.

हे घर जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाच्या खांद्यापासून मोजलंय. या मुलखातला माणूस जेवतो बसून, दळतो-निवडतो बसून, पाहुण्याशी बोलतो बसून. म्हातारीच्या ओट्याला हे ठाऊक होतं. ही कुटी तेच शहाणपण जाणूनबुजून पुन्हा लिहिते.

पण थांबा. उठता उठता आदी निवासाकडे एकदा बघा. एवढ्या पुरुषांच्या गराड्यात एक बाई आहे आणि तिला लुगडं बदलायला कोपरा नाही. साधेपणाचं माप घेताना बा मोजायच्या राहून गेल्या. ही अडचण जमनालालजींच्या लक्षात आली आणि त्यांनी बा कुटी बांधून घेतली. दोन कुट्यांमध्ये पावलं थोडीच आहेत. ती चालताना कळतं की थोरामोठ्यांच्या नकाशातही एखादं माणूस सुटतं आणि चूक दिसली की भिंत वाढवायची असते.

अंगणात साल पुन्हा सरकतं. ऑगस्ट १९४६, गांधीजी इथून निघतात ते परत येण्यासाठी नव्हे. मग जानेवारी १९७८. इव्हान इलिच नावाचा परदेशी विचारवंत पहाटे या रिकाम्या कुटीत बसलाय. सेवाग्रामच्या परिषदेत तो याच झोपडीवर बोलणार आहे: सामानाला ठेवतात ती जागा वेगळी आणि माणूस राहतो ते घर वेगळं, या अर्थाचं काही. तोही बसलाच होता, एवढं लक्षात ठेवा.

कुलर घरघरतात. तुम्ही ओट्यावर आहात, सिंदी मेघेत, साडेसात वाजलेत. म्हातारी चहा घेऊन आलीय.

“घर किती गार आहे, मावशी,” तुम्ही भारावून म्हणता.

“गार हाय, पण दरसाल कवेलू फेरा लागते. माणूस भेटत नाही. मागच्या पावसात आढ्यातून साप पडला. पोरगा स्लॅब टाकून रायला दिवाळीनंतर.”

तिच्यापुढं मातीचे गोडवे गाऊ नका. ज्याला छपरावर चढायचं नाही त्यानं कवेलूचं कौतुक करणं फुकट असतं. तिला स्लॅब हवाय, तो तिच्या हक्काचा आहे. रात्री बारापर्यंत तो तव्यासारखा तापलेला राहील, हेही तिला ठाऊक आहे. म्हणून कुलरचे पैसे वेगळे ठेवलेत.

पण दिवाळीला अजून अवकाश आहे आणि नकाशा कागदावरच आहे. तिच्या पोराला भेटा. प्लॉट किती चौरस फुटांचा, हे तो तुम्हाला सांगेल. तुम्ही त्याला तीनच गोष्टी विचारा. आईच्या बसायच्या जागेची खिडकी दीड फुटावर घेता येईल का, कुलरला वेगळी जागा ठेवून? दोन फुटांचा छज्जा पश्चिमेच्या भिंतीवर काढता येईल का, टाइल्सच्या पैशांतून? आणि ओटा राहील ना? यातल्या कशालाही माती लागत नाही, सिमेंटमध्ये जमतं. माप तेवढं माणसावरून घ्यावं लागतं.

आणि आज घरी गेल्यावर स्वतःच्या खिडकीखाली मांडी घालून बसा. काय दिसतं ते बघा. नुसतीच भिंत दिसली, तर तुमचं घर रस्त्यावरून मोजलेलं आहे.