ढिली साखळी: हाडांच्या करवतीपासून चेनसॉपर्यंत

वापरलेली, जुनी साखळी-करवत म्हणजे चेनसॉ विकत घेतली की पहिली तक्रार बहुधा एकच असते: साखळी ढिली पडते. घट्ट करावी, दोन-चार ओंडके कापावेत, की ती पुन्हा पट्टीखाली लोंबू लागते. ‘साखळी ताणली गेली’ असे आपण सहज म्हणून जातो. सायकलच्या दुकानातही हेच शब्द ऐकू येतात. पण पोलादाची साखळी खरोखर रबरासारखी ताणली जाते का?

थोडा हिशेब करून पाहू. चेनसॉच्या साखळीत रिव्हेटांमधली अंतरे एकसारखी नसतात, म्हणून लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधले अंतर मोजून त्याचे निम्मे घेतात. त्याला पिच म्हणतात. ३/८ इंच, म्हणजे ९.५२५ मिलिमीटर पिचची साखळी पुष्कळ वापरात आहे. अशा साखळीत ७२ कड्या पट्टीच्या खाचेत धावणाऱ्या असतील, तर रिव्हेट १४४ होतात आणि साखळीची लांबी सुमारे १३७२ मिलिमीटर भरते. आता प्रत्येक रिव्हेट आणि त्याचे भोक मिळून फक्त ०.०५ मिलिमीटर झिजले असे धरू. ही झीज डोळ्यांना दिसणार नाही. पण १४४ सांध्यांची मिळून ती ७.२ मिलिमीटर होते! एकही कडी लांब झालेली नसते. प्रत्येक सांध्यात जरासा मोकळेपणा आलेला असतो, इतकेच. साखळी ताणली जात नाही, ती सांध्यांत झिजते. साखळीचा इतिहास बऱ्याच अंशी या झिजेशी जुळवून घेण्याचा इतिहास आहे.

करवतीला सांधे कशासाठी?

साधी करवत ताठ असते. ती पुढे-मागे ओढायला मोकळी जागा लागते. शरीराच्या आत, हाडाभोवती अशी जागा कुठून मिळणार? अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या दोन डॉक्टरांनी बारीक दात्यांची, हाताने ओढायची साखळी-करवत वापरात आणली. अडलेल्या बाळंतपणात बाळाची वाट रुंद करण्यासाठी आईच्या ओटीपोटाच्या हाडांचा पुढचा सांधा कापत असत. एटकेनपुढे हे काम होते, तर जेफ्रीला रोगट हाड काढायचे होते. ईथरची भूल १८४६ साली आली. त्यापूर्वी रुग्ण जागा असताना हे करावे लागे. शस्त्रक्रियेचा एकेक क्षण कमी होणे म्हणजे काय, हे यावरून ध्यानात यावे.

१८३० साली जर्मनीतील वुर्झबर्ग येथे बर्नहार्ड हाइने याने पुढचे पाऊल टाकले. त्याने साखळीची दोन टोके जोडून ती एका पट्टीभोवती बसवली आणि हाताच्या मुठीने दातेरी चाक फिरवून तिला गती दिली. छिन्नी-हातोड्याच्या ठोक्यांनी हाडाच्या ठिकऱ्या उडत, त्या यात टळल्या. पट्टी, दातेरी चाक आणि अखंड फिरणारी साखळी हे आजच्या चेनसॉचे तिन्ही भाग येथे आलेले दिसतात. मात्र हे हत्यार एका वेळी थोडाच वेळ चाले. त्यामुळे झिजेचा प्रश्न अजून दूर होता.

रेनॉल्डचा उपाय

तो प्रश्न कारखान्यात उभा राहिला. तेथे साखळीला दिवसभर चाके फिरवावी लागत. जेम्स स्लेटर याने १८६४ साली इंग्लंडमध्ये अचूक मापाच्या साखळीचे पेटंट घेतले. पण अशा साखळीत सगळा भार पातळ पत्र्याच्या कडेवर, म्हणजे अगदी अरुंद जागेवर येई. मूळचा स्विस असलेल्या हान्स रेनॉल्डने स्लेटरचा लहानसा धंदा विकत घेतला आणि १८८० साली मँचेस्टर परिसरात सुधारलेली साखळी तयार केली. त्याने पिनेभोवती नळी घातली. भार साखळीच्या सगळ्या रुंदीवर पसरला, दाब कमी झाला आणि झीज मंदावली. नळीवर फिरता रूळ असल्याने दातेरी चाकाशी होणारे घर्षणही घटले. आपल्या सायकलीची साखळी याच घराण्यातली.

मग चेनसॉमध्ये हाच उपाय का केला नाही? कारण करवतीची साखळी अरुंद हवी. ती जितकी रुंद, तितका जास्त लाकडाचा भुसा करावा लागतो आणि तितकी शक्ती वाया जाते. खाचेत धावणाऱ्या कडीची जाडी साधारण १.३ ते १.६ मिलिमीटर असते आणि रिव्हेटावरचा भार तेवढ्याच जागेत पेलावा लागतो. शिवाय भोवती भुसा, माती, वाळू. रेनॉल्डने सायकलीपुरती सोडवलेली अडचण चेनसॉला आजही भोगावी लागते.

जंगलात

सॅन फ्रान्सिस्कोच्या सॅम्युअल बेन्स याला १९०५ साली प्रचंड रेडवुड वृक्ष पाडण्यासाठी अखंड साखळीच्या करवतीचे पेटंट मिळाले. जर्मनीत आंद्रेआस श्टील याने १९२६ साली विजेवर चालणारी करवत केली, तर एमिल लेर्प याने १९२७ साली थुरिंगियातील डोल्मार डोंगरावर पेट्रोलची करवत चालवून पाहिली. ही यंत्रे इतकी जड होती, की दोघांनी मिळून उचलावी लागत.

दाते मात्र जुन्या आडव्या करवतीसारखेच होते. ते लाकूड ओरबाडत आणि वरचेवर कानशीने घासावे लागत. १९४६ साली अमेरिकेतील लाकूडतोड्या जोसेफ कॉक्स याने एका ओंडक्यात भुंगेऱ्याची अळी पाहिली. बोटाएवढी ती अळी दोन्ही जबडे डावी-उजवीकडे हलवीत कठीण लाकूड सहज पोखरत होती. त्याने तसेच आळीपाळीने डावे-उजवे वळलेले, रंध्यासारखे छिलके काढणारे दाते बनवले आणि १९४७ साली पोर्टलंडमध्ये त्यांची विक्री सुरू केली. याचा ढिल्या साखळीशीही संबंध आहे. बोथट दाते लाकडात जोराने दाबावे लागतात. त्यामुळे उष्णता वाढते आणि सांधे लवकर झिजतात.

ढिलाई काढताना

झीज टळत नाही म्हटल्यावर ती भरून काढण्याची सोय हवी. सायकलीत आपण मागच्या चाकाचे नट सैल करून चाक मागे ओढतो. चेनसॉमध्ये त्याऐवजी पट्टीच पुढे सरकते. जुन्या यंत्रात आधी इंजिन बंद करून स्पार्क प्लगची वायर काढतात, हातमोजे घालतात, पट्टीचे नट थोडे सैल करतात. मग पट्टीचे टोक वर उचलून धरून बाजूचा स्क्रू फिरवतात आणि टोक तसेच धरून नट आवळतात. साखळी पट्टीच्या खालच्या कडेला लागलेली असावी, तरीही हाताने ओढल्यास सहज सरकावी. पट्टी १ मिलिमीटर सरकली की साखळीतली २ मिलिमीटर ढिलाई निघते, कारण साखळी वरून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी जाते.

हे काम यंत्र थंड असतानाच करावे. साखळीचे तापमान १०० अंशांनी वाढले तर १३७२ मिलिमीटरची साखळी सुमारे १.६ मिलिमीटर वाढते. तापलेली साखळी घट्ट केली आणि तशीच ठेवली, तर निवताना ती आकसते आणि इंजिनाच्या दांड्यावर व बेअरिंगवर ताण येतो.

स्क्रू शेवटपर्यंत फिरवूनही साखळी ढिली राहत असेल तर? पुष्कळ जण एक कडी काढून टाकतात. हिशेब कळला की यातला धोका कळतो. कडी काढली तरी उरलेले सगळे सांधे झिजलेलेच राहतात. वाढलेल्या पिचची साखळी दातेरी चाकावर नीट बसत नाही. अशा वेळी साखळीच बदलावी, आणि चाकावर खोल चरे पडले असतील तर तेही बदलावे. चाकाला साखळीच्या ७ कड्या बसणारे दाते असतील आणि ते मिनिटाला ९००० फेरे घेत असेल, तर साखळी सेकंदाला २० मीटर वेगाने धावते. एवढ्या वेगात ती खाचेतून निसटली, तर यंत्र धरणाऱ्याच्या हातापायांवर येऊ शकते. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर कोकणातल्या रस्त्यांवरची झाडे हटवताना ही यंत्रे फार उपयोगी पडली. असे काम घाईत होते, आणि ढिली साखळी घाईतच दुर्लक्षिली जाते.

वर्गात

चेनसॉ वर्गात आणू नये. सायकलची साखळी मात्र जरूर आणावी. तिचा पिच अर्धा इंच असतो. फूटपट्टीचा शून्य एका रिव्हेटाच्या मध्यावर ठेवून पुढची २४ अंतरे मोजली, तर नव्या साखळीत बरोबर १२ इंच भरतात. जुन्या साखळीत १/१६ इंच जास्त भरले, तर ती बदलायची वेळ आली. ही वाढ २४ ने भागायला विद्यार्थ्यांना सांगावे. उत्तर येते ०.०६६ मिलिमीटर, म्हणजे साधारण डोक्याच्या केसाच्या जाडीइतके. जे एका सांध्यात दिसत नाही, ते चोवीस सांध्यांत पट्टीवर वाचता येते. मग साखळी वाहणारा विद्यार्थी स्वतःच विचारील: आपली साखळी ताणली, की झिजली?